पहिला चीक

मिरजगाव, ता. कर्जत
रविवार, ९ एप्रिल १९७२

प्रिय शामकांतराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आज रविवार. सकाळी आठवीच्या सदतीस उत्तरपत्रिका तपासल्या. अकरा वाजता पाणी भरले. दुपारी इंदू पडली होती, तेवढ्यात मी गोठ्याचा कूड बांधून घेतला. ऊन फार आहे.

गोठा म्हटले म्हणून खुलासा करतो. आम्ही गाय आणली आहे. शेजारी कारभारी म्हणून शेतकरी आहेत, त्यांची. गावठी, दुसऱ्या वेताची, गाभण. आमचे बाळ गेल्यापासून इंदू बोलत नाही हे तुम्हांस माहीत आहे. कारभारींच्या पत्नी झुंबरबाई मला म्हणाल्या, "मास्तर, बाईच्या हाताला जित्राब द्या. जित्राब मुकं असतंय, पर उठवतंय मानसाला." म्हणून आणली. आता इंदू सकाळी स्वतः बादली घेऊन जाते. बोलत नाही, पण उठते.

गाय पंधरा-वीस दिवसांत विईल असे कारभारी म्हणतात. आमच्या घराण्यात गुरे कोणी राखली नाहीत. वडील भिक्षुकी करीत. गोदानाची गाय दाराशी आली तर दुसऱ्या दिवशी विकीत. तुम्ही गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. तेव्हा काय काळजी घ्यावी ते साडूला सविस्तर लिहावे.

चि. रेवतीचा फोटो पाठवल्याचे तुम्ही फेब्रुवारीत लिहिले होते. तो पोचला नाही. टपालात गहाळ झाला असावा.

रेवती १६ नोव्हेंबरची. येत्या रविवारी तिला पाच महिने पूर्ण होतील. पालथी पडत असेल. सौ. सुचित्रास आशीर्वाद.

आपला,
नृसिंह


राहुरी
१५ एप्रिल ७२

ती. नृसिंहराव यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं, आणि सुचित्रा हसत सुटली. "ताई आणि गाय! लहानपणी शेळी दिसली तरी माझ्या मागे लपायची. मी धाकटी, आणि ती माझ्या मागे!" मग तिचे डोळे भरून आले. तिने सांगितलंय, ताईला म्हणावं शाब्बास.

आता गाईचं. गोठा कोरडा ठेवा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, बाकी गाय स्वतःचं स्वतः करते. फक्त एक गोष्ट करा, मग दुसरं काही विसरलात तरी चालेल. वासरू उभं राहिलं की तास-दोन तासांच्या आत त्याला आईचा चीक पाजा. पोटभर. गावात तुम्हाला कुणी पाजू देणार नाही. आधी वार पडू द्या, नाळेचा गोळा बाहेर येऊ द्या म्हणतील. चिकाने वासराला हगवण लागते म्हणतील. आणि मनातलं कारण तिसरंच असतं. खरवसासाठी चार घरची भांडी आधीच घासून ठेवलेली असतात. खरवस मलाही आवडतो, पण आधी वासरू.

कारण सांगतो. गाईच्या अंगात आयुष्यभरात जे जे रोगजंतू शिरले, त्या प्रत्येकाची ओळख तिच्या रक्तात राहते. शरीर प्रत्येक जंतूसाठी निराळा फास तयार करतं. त्याला प्रतिद्रव्य म्हणतात. गुरांच्या या दोन साथी घ्या, घटसर्पाचा फास बुळकांडीच्या गळ्यात बसत नाही. फास बसला की जंतू खिळतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. पहिल्या खेपेला फास वळायला आठ-दहा दिवस जातात. तेवढ्यात जनावर जगतं किंवा मरतं. जगलं, तर वळण हाताला राहतं, आणि तोच जंतू पुन्हा आला की दोन दिवसांत ढीग तयार होतो. म्हणून बुळकांडीतून उठलेला बैल पुन्हा बुळकांडीने पडत नाही. आम्ही लस टोचतो ती तरी काय? रोग होऊ न देता हाताला ते वळण लावतो.

आता वासराची गोष्ट ऐका. पोटात असताना आईच्या रक्तातलं यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. ते अगदी उघडं जन्मतं. जे मिळायचं ते चिकातूनच मिळतं, आणि वासराचं आतडं ते तसंच्या तसं रक्तात घेतं, पण फक्त पहिल्या दिवशी. मग ते दार मिटतं. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजलं तरी रक्तात जात नाही.

मी रोज खेडोपाडी हे सांगत हिंडतो. दहांतला एक ऐकतो.

फोटोची दुसरी प्रत काढून घेतो. रेवती पालथी पडते आणि मग उताणं होता येत नाही म्हणून बोंब मारते.

आपला,
शामकांत


मिरजगाव
रविवार, ३० एप्रिल १९७२

प्रिय शामकांतराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास गाय व्याली. कालवड झाली. अर्ध्या तासात उभी राहिली. नाळेला आयोडीन लावले.

झुंबरबाई तांब्या घेऊनच आल्या होत्या. मी कालवडीला आचळाशी नेऊ लागलो तर त्यांनी मध्ये हात घातला.

"अवो मास्तर, वार तर पडू द्या! चीक बाधला तर पोट फुगून मरंल त्ये."

मी म्हणालो, आमच्या साडूंनी लिहिले आहे.

"साडू काय व्याला हाय का कधी?"

कारभारी कुंपणापलीकडे उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, पुस्तकातली गाय निराळी आन् खुट्याची निराळी. शाळा सुटली की इकडंच भरवताय व्हय?"

मी ऐकले नाही. कालवडीचे तोंड धरले. तिला जमेना, मग जमले. शेपटी हलवू लागली. इंदू गोठ्याच्या दाराशी येऊन उभी होती. तिने विचारले, "चीक पाजला तर पोट बिघडत नाही?" चार महिन्यांत तिने आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तुमच्या पत्रातले सर्व सांगितले. म्हणालो, उलट हाच वाचवतो. ज्याला मिळत नाही ते मरते. ती मग आत गेली आणि तिने कडी लावली. दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

मला जे सुचायला नको होते ते तेव्हा सुचले. डिसेंबरात नगरला तिच्या माहेरी बाळंतपण झाले. त्या घरी पहिल्या तीन दिवसांचे दूध पिळून टाकतात आणि बाळाला बोळ्याने गुळाचे पाणी देतात. सासूबाईंनी मला हे स्वतः सांगितले होते. इंदूने परवा ते ताडले असणार. गाईच्या चिकाला चार घरची भांडी येतात, आणि बाईचा मोरीत जातो.

आता तुम्हांस विचारतो. तुमच्या पत्रात खेडोपाडीच्या ओळीनंतर एक ओळ खोडलेली आहे. मी बारा वर्षे मुलांच्या वह्या तपासतो. खोडलेलेच आधी वाचण्याची मला खोड आहे. खिडकीशी उजेडावर धरून वाचले. "घरीसुद्धा मी सुचित्राला" इतके लागले. पुढे शाई दाट आहे.

पुढे काय होते?

आणखी एक. मी आठवीला आरोग्यशास्त्र शिकवतो. पुस्तकात "पांढऱ्या पेशी हे शरीराचे शिपाई होत" एवढेच आहे. हे जे चिकाचे तुम्ही लिहिले ते माणसाच्या बाळालाही लागू आहे काय?

आपला,
नृसिंह


राहुरी
७ मे ७२

ती. नृसिंहराव यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन दिवस घटसर्पाच्या लसी टोचत हिंडत होतो, हे खरं. पण खरं कारण ते नाही.

आधी शिपायांचं. मुलांना शिपाई शिकवा, पण ते अर्धंच आहे. अंगणात शिरणारा चोर निराळा आणि घरात शिरणारा निराळा. घटसर्पाचा जंतू रक्तात, पेशींच्या बाहेर वाढतो. तिथे त्याला फास टाकता येतो, पांढरी पेशी गिळू शकते, पेनिसिलिनसारखी औषधंही पोचतात. बुळकांडी, गोवर, देवी यांचे विषाणू पेशीच्या घरात जातात आणि तिच्याच चुलीवर आपला स्वयंपाक मांडतात. बाहेरून घर नेहमीसारखंच दिसतं. तिथे औषध चालत नाही. मग शरीरातल्या काही पेशी असं घर ओळखतात आणि ते घरच पाडतात. स्वतःच्या शरीराचं घर. आमच्या प्रशिक्षणातले सर म्हणायचे, हे काम करणाऱ्याची ओळख चुकून चालत नाही.

आता बाळाचं. माणसाचं बाळ वासरासारखं उघडं जन्मत नाही. आईच्या रक्तातलं पुष्कळसं त्याला वारेतून, पोटातच मिळतं. चिकातून जे मिळतं ते मुख्यतः आतड्याच्या आतल्या बाजूला पहारा करतं. म्हणजे लागू आहे, पण वासराइतकं नाही. चीक न मिळालेली लाखो मुलं या देशात जगली आहेत. त्यांत तुम्ही-आम्हीही असू. हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

आणि खोडलेली ओळ. "घरीसुद्धा मी सुचित्राला हेच करायला सांगितलं." अशी होती. तिला माहेरी पोचवायला गेलो तेव्हा सांगितलं होतं. सासूबाई दुपारी वाण्याकडे गेल्या की ती दार लावून रेवतीला पाजायची. सुईण पिळायला यायची तेव्हा म्हणायची, येतच नाही हो काही.

तुम्ही पुढचा प्रश्न विचारणार, म्हणून मीच विचारतो. मग तुम्हाला का नाही सांगितलं?

रेवतीच्या बारशाला आपण नगरला भेटलो. एस.टी. स्टँडवर जाताना रसवंतीत बसलो. इंदूताईंचे दिवस भरत आले होते. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तुम्ही मास्तर, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि विषय तुमच्या पत्नीच्या अंगावरच्या दुधाचा. बैल खच्ची करण्याबद्दल मी भर सभेत बोलतो, शंभर माणसांत. तिथे जीभ उचलली नाही. मी तुम्हाला विचारलं, "बर्फ घालू का?" तुम्ही नको म्हणालात. आणि तुमची गाडी लागली.

हे मी पाच महिने उशाशी घेऊन झोपतो. सुचित्राशीही बोललो नाही, कारण बाळाचं नाव काढलं की ती उठून जाते.

मागणं एकच. इंदूताईंना हे सांगू नका. त्यांच्या आईशी त्यांना उरलेलं आयुष्य काढायचं आहे. सुचित्राशीही.

आपला,
शामकांत


मिरजगाव
गुरुवार, ११ मे १९७२

शामकांतराव यांस,

तुमचे पत्र काल मिळाले. ते वाक्य दोनदा वाचले. लाखो मुले जगली. माझे त्यांत नव्हते.

तुम्ही दोनदा ग्लास पुसलात, मला आठवते. मला वाटले, स्वच्छतेची आवड आहे.

फोटो टपालात गहाळ झालेला नाही. २१ फेब्रुवारीस मिळाला. माझ्या नकाशांच्या जुन्या पुस्तकात ठेवला आहे. इंदूला दाखवला नाही. तिला त्रास होईल असे स्वतःला सांगितले, पण तसे नव्हते. तुमच्या मुलीच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या. आमच्या बाळाचे मनगट माझ्या करंगळीएवढे होते, आणि शेवटच्या दोन दिवसांत तेही राहिले नाही. एकाच घरात, एकाच खाटेवर, एकाच सुइणीच्या हातून, तीन आठवड्यांच्या अंतराने. मी देवाचा दोष मानला होता. त्यात एक सोय होती, देवाला मूल नव्हते.

आता तुम्ही आहात. तुमच्याकडे आहे.

रोज किती महिन्यांची झाली ते मी मोजतो. तुमचे पत्र आले की आधी तिच्याबद्दलची ओळ शोधतो आणि ती वाचून मला बरे वाटत नाही. सर्दी झाल्याचे मार्चमध्ये लिहिले होतेत, तेव्हा दोन दिवस मला हलके वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे. गोठ्यात जातो तेव्हा गाईचाही हेवा वाटतो.

तुम्ही परक्यांच्या वासरांसाठी खेडी तुडवता. साडूच्या मुलासाठी एक वाक्य निघाले नाही. सौ. सुचित्रा तर त्याच घरात होती. तिला लाज कसली? सख्खी बहीण.

इंदूला मी सांगणार आहे. कोणी काय केले आणि कोणी काय केले नाही, हे तिला कळले पाहिजे.

दुसरी प्रत पाठवू नये.

नृसिंह


राहुरी
२ जून १९७२

श्री. नृसिंहराव यांस,
सा. नमस्कार.

मी इकडे येऊन सतरा दिवस झाले, आणि आज लिहिते आहे. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुम्ही त्या सोमवारी ओसरीवर उभं राहून मला सांगितलंत, की तुझ्या आईने चीक टाकला म्हणून आपलं बाळ गेलं, आणि तुझ्या बहिणीने स्वतःपुरतं साधलं. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. तुम्हाला वाटलं असेल, सुचित्राशी भांडायला निघाली. मला अडवलंही नाहीत. गाडीत बसताना तुमच्या तोंडावर समाधान होतं, ते मी पाहिलं.

मी भांडायला नव्हते आले. शामकांतरावांना एक गोष्ट विचारायला आले होते. पत्रातून विचारता येईना, कारण पत्रं तुम्ही पेटीत टाकता. इथे येऊनसुद्धा तोंड उघडायला पंधरा दिवस लागले.

ऐका. आपल्या बाळाला चीक मिळाला होता.

सुचित्रा मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ताई, टाकू नकोस, पाज. आईला कळू देऊ नकोस." आई वाण्याकडे गेली की ती दाराशी बसून तांदूळ निवडायची आणि मी पाजायची. तीन दिवस. पहिल्या दिवशी त्याला ओढता येईना. दुसऱ्या दिवशी असा लागला की मी रडले आणि हसले. सुचित्रा म्हणाली, "हळू, आवाज जाईल." तेवढंच सुख मला त्या बाळंतपणात मिळालं.

मग चौदाव्या दिवसापासून, बारसं झाल्यावर, त्याचं पोट बिघडलं. आई रोज म्हणायची, "बरं झालं चीक काढून टाकला, नाहीतर म्हणावं लागलं असतं चिकानंच." तिला काही माहीत नव्हतं. ती सहज बोलत होती. आणि मी समोर बसून ऐकत होते. तो गेला त्या दिवशी मी सुचित्राला शपथ घातली, की हे मेलीस तरी बोलायचं नाही. तिने शामकांतरावांनाही सांगितलं नाही.

पाच महिने मी समजत होते की मीच त्याला मारलं.

तुमचं मे महिन्यातलं पत्र मी इथे वाचलं. हेव्याचं म्हणाल, तर तुम्हाला मनगटाच्या वळ्यांचा हेवा वाटला. मला त्याहून वाईट वाटायचं. सुचित्राने तेच केलं आणि तिची पोर जगली. एकीला अमृत आणि एकीला विष, असं कसं? मी तिच्या पत्रांना उत्तर देत नव्हते ते यासाठी. आणि फोटो. नकाशांच्या पुस्तकात, आफ्रिकेच्या पानात. झाडताना मला फेब्रुवारीतच सापडला. तुम्ही शाळेत गेलात की काढून बघायची, आणि परत आफ्रिकेतच ठेवायची.

गाय व्याली त्या दिवशी तुम्ही गोठ्यात म्हणालात, हाच वाचवतो. मी आत जाऊन कडी लावली ती आईवर चिडून नाही. मला पहिल्यांदा वाटलं, कदाचित मी मारलं नाही. पण तुम्ही ऐकीव सांगत होतात. मला सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

काल विचारलं. शामकांतराव खाली बसले. म्हणाले, "ताई, चिकाने कोणतंही बाळ मरत नाही. तुम्ही त्याला होतं नव्हतं ते दिलंत." मग मी विचारलं, मग का गेला? म्हणाले, "आई देऊ शकते ती ज्या रोगाशी ती स्वतः लढली त्याचीच ओळख. जो तिला कधी भेटलाच नाही, त्याचा फास तिच्या दुधात कुठून येणार? आणि भेटलेला असला, तरी जंतू एकदम पुष्कळ गेले तर एवढ्याशा जिवाचा पहारा पुरत नाही." कुठून गेले असतील, विचारलं. मग मीच मोजलं. आईचं गुळाचं पाणी. शेजारच्या काकूंची घुटी. बारशाला तुम्ही बोटाने लावलेलं गडूतलं तीर्थ. माझं दूध एकटं नव्हतं. कुणाच्या हातून गेलं ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले, आणि मलाही शोधायचं नाही. तुम्हीही शोधू नका.

ते स्वतः मग परसात जाऊन बराच वेळ उभे होते. त्यांना पहिल्यांदाच कळलं. सुचित्रा म्हणाली, "आता मी सुटले." मी म्हटलं, मीपण.

रेवतीला पहिला दात येतोय. माझं बोट चावते.

कालवडीला सकाळी थंड पाणी देऊ नका.

इंदू


मिरजगाव
रविवार, ११ जून १९७२

प्रिय शामकांतराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आज रविवार. सकाळी गोठा झाडला. उद्यापासून शाळा, म्हणून नववीच्या पुस्तकांना कव्हरे घातली. पाऊस नाही. कारभारींच्या विहिरीत कमरेइतके पाणी आहे, त्यातले दोन हंडे ते आमच्या गाईला देतात. दुपारी दाढी केली. इंदूला वेगळे पत्र टाकले आहे.

तुम्हांस माझे मे महिन्यातले पत्र परत पाठवा असे म्हणणार होतो. मग वाटले, असू द्यावे. लिहिले ते मीच लिहिले.

मला सोपे उत्तर मिळाले होते. चीक टाकला, म्हणून मूल गेले. दोषी कोण तेही मिळाले होते. शाळेत मुलगा असे उत्तर लिहितो तेव्हा मी समासात लिहितो, पुरावा? स्वतःला लिहिले नाही. इंदूला एका शब्दाने विचारले असते तरी पुरे होते. तिच्याशी मीही त्या विषयावर बोललो नव्हतो. तुमची जीभ रसवंतीत उचलली नाही म्हणून मी तुम्हांस बोल लावला. माझी घरात उचलली नाही, पाच महिने, एका चुलीपाशी बसून. तुम्ही घर पाडणाऱ्या पेशींचे लिहिले होते, की त्यांची ओळख चुकून चालत नाही. माझी चुकली.

तीर्थाचे वाचले. गडू घरी देवापाशी होता, आजोबांनी काशीहून आणलेला. किती वर्षांचे पाणी होते मला माहीत नाही. मी शोधत नाही. इंदूने सांगितले आहे म्हणून नाही, मला भीती वाटते म्हणून. ते पाणी काल बाभळीच्या बुंध्याशी ओतले.

हेवा गेला असे लिहिणार नाही. इंदूच्या पत्रात दाताची ओळ होती, ती वाचून पूर्वीसारखेच झाले. अच्युतला या आठवड्यात सहा महिने झाले असते. नाव तुम्हांस ठाऊक आहे, पण मी आजवर कोणत्याही पत्रात लिहिले नव्हते. अच्युत नृसिंह. सात दिवस त्याला ते नाव होते.

इंदूला हवे तितके दिवस ठेवून घ्या. रेवतीला तिच्या मांडीवर देत जा. मला इथे बसून त्याचा हेवा वाटेल, तरी देत जा. आणि फोटोची दुसरी प्रत काढली असेल तर पाठवा, पहिली भिंतीवर लावली. आफ्रिकेच्या पानात तिची एक बाजू पिवळी पडली आहे.

कालवडीला मध्यंतरी चार दिवस हगवण लागली. झुंबरबाई म्हणाल्या, "बगा, चीक! म्या म्हनलं न्हवतं?" मी म्हणालो, झुंबरबाई, तिला चीक मिळून महिना झाला, आता तिचे ती लढते आहे. त्या म्हणाल्या, "मग तुमी कशापाई तिच्यापाशी बसून ऱ्हायलाय?" मी तसाच बसून राहिलो. पाचव्या दिवशी ती उठून पाणी प्याली.

संध्याकाळची धार मीच काढतो. कारभारी कुंपणापलीकडून हसतात, पण परवा त्यांनी बोट कसे धरायचे ते दाखवले. एका माणसाला दूध जास्त होते. तापवून ठेवले होते, आता कोमट झाले आहे. पत्र बंद करतो आणि विरजण लावतो.

आपला,
नृसिंह